तोताराम आप्पांचा शिक्का

नंदुरबारच्या टपाल कचेरीत मी कारकून म्हणून रुजू झालो तेव्हा मला बाविसावं लागलं होतं आणि माझ्या जिभेला हाड नव्हतं. दुसरी गोष्ट मुद्दाम आधी सांगतो. तोताराम आप्पांचं चांगलं तेवढं लिहून मला मोकळं होता येणार नाही. त्यांच्या आयुष्यात जे आक्रीत घडलं, त्याची पहिली काडी मी लावली होती.

आप्पा आमच्या कचेरीतले शिक्केवाले. पेटीतली पत्रं डाव्या हाताने पुढे सरकवायची आणि उजव्या हाताने तिकिटावर तारखेचा पितळी शिक्का हाणायचा, एवढंच त्यांचं काम. वापरलेलं तिकीट कुणी सोडवून पुन्हा लावू नये म्हणून ते काळं करायचं असतं. पन्नाशी उलटलेला हा माणूस अंगाने काटकुळा होता, पण उजवा दंड डाव्याच्या दीडपट. वाचता येत नसे. आकडे आणि गावांची नावं मात्र ते चेहरे ओळखावेत तशी ओळखत. सकाळी आल्याबरोबर शिक्क्यातली तारीख बदलायची, रद्दी कागदावर एक ठसा उमटवायचा, तो उजेडाला धरून पाहायचा आणि मगच पहिल्या पत्राला हात लावायचा. मिरचीच्या हंगामात अख्खं गाव शिंकत असे, थैल्यांतूनही खकाणा उठे, पण हात वर असताना आप्पा शिंकले नाहीत. डोळ्यांत पाणी यायचं, मान थरथरायची, तरी शिंक दाबून ठसा आधी उमटायचा. "शिंक उनी ते तारीख फाटस," असं आपल्या अहिराणीत म्हणून मग ते बाहेर जाऊन मनसोक्त शिंकून येत.

टपालाच्या बाबतीत मात्र हा मऊ माणूस दगड होता. एकदा मिरचीचा एक बडा आडत्या धापा टाकत आला. सुरतेच्या व्यापाऱ्याला पत्रात चुकून भलताच भाव लिहिला होता आणि पत्र पेटीत पडलं होतं. समोरच्या ढिगात त्याला ते दिसतही होतं. त्याने हात पुढे केला तशी आप्पांनी ढिगावर आपला पंजा ठेवला.

"पेटीमा पडनं, आते ते तुन्हं बी नही नि मन्हं बी नही. ज्यान्हं नाव वर शे, त्यान्हं शे."

आडत्या पोस्टमास्तरांकडे गेला. मास्तर भिडस्त गृहस्थ, ते म्हणाले, "द्या हो आप्पा, ओळखीचे आहेत." आप्पा म्हणाले, "तुम्हीन तसं लिखी द्या." मास्तरांनी लिहून दिलं नाही आणि पत्र सुरतेला गेलं. पुढे पंधरा दिवस आडत्या आमच्या दारावरून जाताना थुंकत असे. आप्पांना त्याचं काही वाटलं नाही.

पस्तीस सालच्या उन्हाळ्यात नवी तिकिटं आली. विलायतेतल्या राजाच्या राज्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून सरकारने काढलेली. रोज आमच्या खिडकीवर खपणाऱ्या तिकिटांवर तोवर नुसतं राजाचं डोकं असे. आता मोठी, आडवी चित्रं आली. चित्रात एक नामांकित इमारत आणि बाजूला करंगळीच्या नखाएवढं राजाचं डोकं. साध्या पत्राला लागणारं एक आण्याचं तिकीट तपकिरी होतं आणि त्यावर रामेश्वरचं देऊळ होतं.

"हाई कोन्हं देऊळ शे, बाबू?" आप्पांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या आणि तो अख्खा ताव दोन्ही हातांवर घेऊन पाहिला. आमच्याकडे काशी-रामेश्वर करून आलेल्या माणसाला वेशीवर वाजंत्री लावून आणतात, गल्ली त्याच्या पाया पडते. आप्पा सुरतेच्या पलीकडे कधी गेले नव्हते. मग त्यांनी एकेक तिकीट पुढे केलं आणि मी माझी विद्वत्ता पाजळली. सव्वा आण्यावरचं जैन मंदिर, साडेतीन आण्यावरचं अमृतसरचं सुवर्णमंदिर, आठ आण्यांवरचा ब्रह्मदेशातला पगोडा. ताजमहाल ही कबर आहे म्हटल्यावर ते चपापले. "मरेल मानूसवर कोनी हात उचलस का?" पाऊण आण्यावरची कलकत्त्याची पांढरी इमारत राणीच्या नावाची आहे म्हटल्यावर, "बाईमानूस!" एवढंच म्हणाले. शेवटी राहिला अर्ध्या आण्यावरचा मुंबईचा गेटवे.

"ह्या दरवाजामा देव कोनता?"

"कुठलाच नाही. बोटीतून उतरणाऱ्या साहेबांसाठी बांधलाय."

"मंग याले मारता येस," आप्पा म्हणाले. मला मोठी मौज वाटली.

चार दिवसांनी निघालेली पत्रं चाळताना माझ्या लक्षात आलं. गेटवेच्या बरोबर मधोमध शिक्का होता. बाकी प्रत्येक तिकिटावर देऊळ, कबर, स्मारक स्वच्छ, आणि राजाचं डोकं काळं. इतक्या धावपळीत इतक्या लहान जागेवर नेमका घाव घालणं दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. मी विचारलं तर आप्पा शांतपणे म्हणाले, "राजाले काय व्हस? त्यान्हं डोकं ते मी पयलेपाईन मारी ऱ्हायनू. तिकीट बाद व्हयनं ना? मंग व्हयनं काम."

मास्तरांना मात्र घाम फुटला. डोक्यावर पांढरी टोपी दिसली तरी पोलीस वळून पाहतील असे ते दिवस होते. "आप्पा, उद्या कुणी वर कळवलं तर? देवळाला धक्का नाही आणि राजाच्या तोंडाला काळं! मला घरी बसवाल तुम्ही." त्यांच्या शब्दाखातर आप्पांनी एक दिवस देवळावर शिक्का मारायचा प्रयत्न केला. हात लटपटला, तारखा फरफटल्या, सुरतेहून तक्रार आली. मास्तरांनी नाद सोडला. ही तिकिटं संपली की सुटलो, असं ते मला रोज म्हणत आणि ताव मोजत.

पण तिकिटं संपायच्या आधी राजा संपला. जानेवारीत सकाळी तार आली. मास्तरांनी ती मोठ्याने वाचली, सगळे उठून उभे राहिलो. ती शांतता मला सोसवली नाही. मी म्हणालो, "आठ महिने रोज डोक्यात घालत होता आप्पा, शेवटी मारलातच राजाला!"

पोस्टमन मंडळी फसकन हसली. मास्तरांनीही तोंड फिरवलं. आप्पा हसले नाहीत. त्यांनी शिक्का खाली ठेवला आणि आपला उजवा तळहात उलटासुलटा करून पाहिला. ते मी पाहिलं, अगदी स्वच्छ पाहिलं, आणि तरीही संध्याकाळी चहाच्या दुकानात तोच विनोद तिखटमीठ लावून पुन्हा सांगितला. माझा तो सगळ्यांत गाजलेला विनोद. आज आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो विनोद माझ्याकडेच परत आला, पण त्यातलं हसू गळून पडलं होतं. खिडकीशी एक म्हातारी दुसरीला सांगत होती, "शिक्केवालानी राजावर मूठ मारी." मूठ मारणं म्हणजे लांबून मंत्र टाकून माणूस संपवणं. त्या मुलखात ही थट्टेने घ्यायची गोष्ट नव्हे. मूठ मारल्याच्या नुसत्या संशयावरून डोकी फुटत. मी म्हातारीला समजवायला गेलो तर तिने आपलं पाकीट पदराखाली घेतलं आणि म्हणाली, "मन्हा पोऱ्यानं पत्र शे. त्यान्हा हातमा देऊ नका, तुम्हीनच मारा." मग रोज कुणी ना कुणी तसं म्हणू लागलं. चहावाला आप्पांचा पेला लांबून सरकवू लागला. गल्लीत लहान मुलांना आया घरात ओढू लागल्या. आप्पांना हे दिसत होतं. ते कुणाशी भांडले नाहीत. फक्त रस्त्याने जाताना उजवा हात कोटाच्या खिशात घालून चालू लागले.

भ्यायलेली माणसं परवडली. पण काही माणसं आशेने येऊ लागली, आणि ते फार वाईट होतं. फेब्रुवारीत धानोऱ्याचा भिला नावाचा शेतकरी भर दुपारी आत आला आणि आप्पांसमोर उकिडवा बसला. त्याचं धाकट्या भावाशी विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून वैर होतं, हे धानोऱ्याच्या पोस्टमनने मला मागाहून सांगितलं. भिलाने रुमालातून जत्रेत काढलेला एक फोटो काढला. दहाबारा माणसं ओळीने उभी, एकेकाचं तोंड ज्वारीच्या लाहीएवढं. त्याने एका तोंडावर बोट ठेवलं.

"आप्पा, यान्हावर फक्त एक मारी द्या."

"हाऊ कोन शे?"

"मन्हा धाकला भाऊ. दौलत."

आप्पांचा आवाज चढलेला मी तोवर ऐकला नव्हता. "आठून नीघ! आठे टपाल व्हस, दुसरं काही नही!" ते उभे राहिले. भिला रागावला नाही. फोटो नीट रुमालात गुंडाळून तो माझ्या खिडकीशी आला, एक आण्याचं एक तिकीट मागितलं, आणि मी ते फाडून त्याला दिलं.

तिसऱ्या दिवशी गाडीच्या वेळेची गडबड होती. आप्पांचा हात चालला होता, ठाक ठाक, ठाक ठाक, आणि मध्येच तो आवाज थांबला. मी उठून गेलो. शिक्का हवेत तसाच होता. पुढ्यात एक पाकीट, त्यावर रामेश्वराचं तिकीट. देऊळ स्वच्छ होतं. बाजूच्या डोक्यावर ताजा काळा ठसा होता, आणि त्या ठशाखालून मिशा दिसत होत्या, फेटा दिसत होता.

"हाऊ राजा नही, बाबू," आप्पा म्हणाले.

फोटोतलं तोंड कातरून राजाच्या डोक्यावर बेमालूम चिकटवलं होतं. आप्पांचा हात कुठे पडतो हे भिलाने दोन क्षणांत हेरलं होतं. पाकिटावर पत्ता होता: दौलत, मुक्काम धानोरा. आत काहीच नव्हतं. पाकीट हाताला अगदी हलकं लागलं.

मी म्हणालो, "फाडून टाका. मी कुणाला सांगणार नाही."

"लोकंसनं टपाल शे. फाडाना आपले हक्क नही."

मला चीड आली. तरी डोकं चालवून म्हणालो, तिकिटावर काही चिकटवलं असेल तर ते धरत नाहीत. पाकीट बेरंग करू. बेरंग पत्राला घेणाऱ्याकडून दुप्पट आकार मागतात आणि शंभरातले नव्वद लोक ते नाकारून परत पाठवतात. आप्पांच्या तोंडावर जरा रंग आला. "हा, बेरंग करसूत. तो लेवाव नही." मी तसा शेरा मारला. आप्पांनी ते पाकीट स्वतःच्या हाताने धानोऱ्याच्या थैलीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी पोस्टमन परतला तेव्हा आप्पा दारातच उभे होते. "नकारलं ना?"

"दुप्पट दिधं नि लिधं त्यानी," पोस्टमन म्हणाला. "जन्ममा पयलं पत्र उनं म्हने."

दौलतला वाचता येत नव्हतं, पण स्वतःचं तोंड ओळखता येत होतं. पाकीट हातात घेऊन तो ओट्यावर बसला तो बसलाच. संध्याकाळी जेवला नाही. आठवड्याभरात त्याने अंथरूण धरलं. वैद्य येऊन गेला. ताप नाही, नाडी बरी, पण माणूस उतरत चालला आहे म्हणाला. पंचविशीतला गडी, घरात बायको, पाळण्यात पोर. पोस्टमन रोज येऊन हे सांगे आणि आप्पा शिक्का खाली ठेवून ऐकत. शनिवारी तो म्हणाला, आज पाणीही घेतलं नाही.

त्या दिवशी शेवटची थैली गेल्यावर आप्पा माझ्या टेबलाशी आले. "बाबू, माले शिक्का धानोराले लई जाना शे."

शिक्क्याच्या पेटीची चावी माझ्याकडे असे. शिक्का कचेरीबाहेर नेणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं, हे मला ठाऊक होतं आणि त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं. कशाला, म्हणून मी विचारलं नाही. शिक्का आणि शाईची गादी मी माझ्याच पिशवीत घातली. रविवारी उजाडताच आम्ही दोघे पायी निघालो. वाटभर मी बोलत होतो, सारखा बोलत होतो, कारण गप्प राहिलं की मला भीती वाटत होती.

दौलतची खाट अंगणात निंबाखाली होती. गालाची हाडं वर आलेली, ओठ फुटलेले. त्याच्या बायकोने आप्पांना पाहिलं आणि पोर उचलून ती भिंतीपर्यंत मागे सरकली. मी पुढे झालो. सगळं कबूल केलं. हे मूठ वगैरे काही नाही, राजा म्हातारा होता, आजारी होता, तो विनोद माझा होता, मी हसवायला बोललो होतो. हात जोडून सांगितलं. दौलतने माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं.

"साहेब, तुम्हीन मन्हाकरता गोड बोली ऱ्हायनात," म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

आप्पा खाटेच्या कडेला बसले. त्यांनी माझ्या पिशवीतून गादी काढली, शिक्का तिच्यावर नीट दाबला. "दौलत, डोया उघाड. आठे पाह्य." त्याने डोळे उघडेपर्यंत ते थांबले. मग उजव्या हाताने तो शिक्का त्यांनी स्वतःच्या कपाळावर हाणला. पत्रावर मारतात तसा, पुऱ्या ताकदीने.

"हाऊ तोच शिक्का शे, नि हात बी तोच. आते मी आठेच बठस. मी मरी गऊ ते तू बी मर. मी जिता ऱ्हायनू ते तुले उठनं पडी."

भुवयांच्या मध्ये काळं वर्तुळ, वर्तुळात शनिवारची तारीख, आणि पितळेची कड लागली तिथून रक्ताची एक धार. त्यांनी शिक्का माझ्या हातात दिला तेव्हा त्यांची बोटं बर्फासारखी गार होती. तोवर मला वाटत होतं की आप्पा एका अडाणी माणसाची समजूत काढायला आले आहेत. त्या बोटांनी मला खरं सांगितलं. आपल्या हाताने राजा मेला यावर आप्पांचा दौलतइतकाच विश्वास होता. ते मरायच्या तयारीने आले होते.

मी एकटाच परतलो. सोमवारपासून शिक्का माझ्याकडे आला. आप्पा आजारी आहेत असं मी मास्तरांना सांगितलं. माझ्यासारखा शिकलेला, सगळ्याची टर उडवणारा माणूस, पण त्या आठवड्यात मी रोज पोस्टमनची वाट पाहत पायरीवर उभा असे आणि त्याने थैली उतरवायच्या आत विचारत असे, "आहेत का?" तो म्हणे, "शेतस." एवढं ऐकलं की मला घास उतरे. बुधवारी तो म्हणाला, आप्पा जेवायला बसले की दौलतलाही त्याच ताटात हात घालायला लावतात. अर्धी भाकर गेली त्याच्या पोटात. शुक्रवारी दौलत दारापर्यंत चालला. आप्पा अंगणातून हलले नव्हते, तोंड धुतलं नव्हतं, आणि अर्धं गाव रोज लांब उभं राहून त्यांचं कपाळ पाहून जात होतं.

तीच पाहणी भोवली. सरकारी शिक्का एका माणसाच्या कपाळावर उमटला आहे, ही बातमी आमच्या वरच्या कचेरीपर्यंत पोचली. पुढच्या सोमवारी तिथले इन्स्पेक्टर आले. ते मास्तरांच्या खोलीत बसले होते तेवढ्यात दारासमोर बैलगाडी थांबली. गाडी हाकत होता दौलत, वाळलेला, पण ताठ बसलेला. शेजारी आप्पा. कपाळावरचा ठसा पुसट झाला होता. तारीख वाचता येत नव्हती. मी धावत जाऊन त्यांचे हात धरले. ते म्हणाले, "नही मरनू, बाबू," आणि लहान मुलासारखे हसले. राजा गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

आम्हां दोघांनाही आत बोलावलं. इन्स्पेक्टर चढ्या आवाजाचे नव्हते. त्यांनी एकच विचारलं. पेटीची चावी कारकुनाकडे असते, मग शिक्का बाहेर गेला कसा?

मी तोंड उघडणार तेवढ्यात आप्पा बोलले. "मीच लई गऊ साहेब. बाबू जेवाले गयथात तवय चावी उचली."

इन्स्पेक्टर माझ्याकडे वळले. "खरं आहे हे?"

घरी नाशकात आई होती, दोन बहिणी लग्नाच्या होत्या, असं मी पुढे पुष्कळांना सांगितलं आहे. त्या क्षणी यातलं काहीही मनात आलं नव्हतं. मी फक्त घाबरलो होतो. मी मान हलवली.

आप्पांची नोकरी त्याच दुपारी गेली. पेन्शनीला दोन वर्षं उरली होती. त्यांनी खाकी कोट काढून नीट घडी केली, मास्तरांच्या टेबलावर ठेवली आणि सगळ्यांना रामराम केला. मलाही केला, नेहमीसारखाच. बाहेर दौलत ताटकळत उभा होता. आत काय झालं ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आप्पांनी गाडीवर चढायला उजवा हात पुढे केला. दौलतने तो दोन्ही हातांत घट्ट धरला, आणि भर बाजारात सगळ्यांच्या देखत त्यांना वर ओढून घेतलं.

मी खिडकीशी बसलो होतो. कुणीतरी एक आण्याचं तिकीट मागत होतं. गाडी वळून मिरचीच्या वखारींच्या आड जाईपर्यंत आप्पांची पाठ मला दिसत होती. कचेरीला उतरायला चारच पायऱ्या होत्या.